नांगरावरचा संसार: ग्रेनेडीन्स बेटांमध्ये दोघांनी बोटीवर राहायचं तर

शिडाच्या बोटीवर दोघांनीच राहायचं मनात असेल, तर बोट बघायला जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा. दोघांपैकी एकजण आजारी पडला, झोपला किंवा पाण्यात पडला, तर दुसऱ्याला बोट एकट्याने थांबवता, वळवता आणि नांगरता आली पाहिजे. बाकीचं सगळं पुढे शिकता येतं. नवरा सुकाणूवर आणि बायको ओट्याशी, अशी वाटणी केलेली जोडपी मी बरीच पाहिली आहेत, आणि वारा वाढला की त्यातल्या बायकांच्या चेहऱ्यावर येणारी धास्तीही पाहिली आहे. ती धास्ती कुणाच्याही वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी रत्नागिरीची, शाळेत भूगोल शिकवायचे. नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. त्यामुळे इंजिन, पंप, वायरिंग त्याच्याकडे आणि हवामान, नकाशे, शिडं माझ्याकडे, हे आपसूक झालं. तरी दर आठवड्याला एक दिवस आम्ही कामांची अदलाबदल करतो. त्या दिवशी डिझेलचा फिल्टर मी बदलते आणि शीड तो आखडतो. बोट ३८ फुटी आहे, आणि आमचा मुलूख म्हणजे कॅरिबियन समुद्रातली ग्रेनेडा ते सेंट व्हिन्सेंट ही बेटांची रांग. या दोन्हींच्या मधली छोटी बेटं म्हणजे ग्रेनेडीन्स. डिसेंबर ते मे इथे व्यापारी वारे पूर्वेकडून १५ ते २५ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाहतात, आणि नाताळाच्या सुमारास त्याहून जोर धरतात.

आधी नांगर, मग शीड

बोटीवर राहणारी माणसं वर्षातले बहुतेक दिवस नांगरावरच असतात. रात्रीची झोप नांगरावर अवलंबून असते, आणि झोप नसेल तर दोघांचं एकमेकांशी पटतही नाही. म्हणून पैसे खर्च करायचे तर आधी इथे करा. तुमच्या लांबीच्या बोटीला कंपनी जो नांगर सुचवते, त्याच्यापेक्षा एक माप मोठा घ्या. साखळी १० मिलिमीटरची आणि निदान ६० मीटर हवी.

साखळी किती सोडायची याचा हिशेब सोपा आहे. पाण्याची खोली आणि पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची यांची बेरीज करा. शांत हवेत त्याच्या पाचपट, वारा वाढणार असेल तर सातपट. पाणी ५ मीटर आणि नाळ १ मीटर, म्हणजे ६. एरवी ३० मीटर सोडा, वाऱ्याच्या रात्री ४२. भरती-ओहोटीचा फरक इथे जेमतेम अर्धा मीटर असतो, कोकण किनाऱ्यासारखा दर सहा तासांनी हिशेब बदलत नाही. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की बोट वाळूत रुतली, तर भरती येऊन उचलेल ही आशा इथे धरता येत नाही.

जागा रंगावरून निवडायची. फिकट, दुधाळ निळी दिसते ती वाळू. काळपट हिरवे डाग म्हणजे बहुतेक समुद्री गवत. त्यात नांगर बसल्यासारखा वाटतो आणि झोत आला की सुटतो. तपकिरी दिसतं ते प्रवाळ. तिथे नांगर टाकायचाच नाही, साखळीही फिरू द्यायची नाही. वाऱ्याकडे तोंड करून हळू पुढे या, वाळूच्या तुकड्यावर बोट पूर्ण थांबवा, मगच नांगर सोडा. साखळीचा ढीग ओतू नका. वारा बोटीला मागे नेईल तशी तशी ती सोडत जा. ठरलेली लांबी सुटली की इंजिन रिव्हर्सला टाका, आधी मंद, मग १५०० आरपीएमपर्यंत नेऊन अर्धा मिनिट तसंच ठेवा. त्या वेळी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, समजा एक माड आणि त्याच्या मागचा घराचा कोपरा. रेषा मोडली नाही तर नांगर बसला. साखळीवर अनवाणी पाय ठेवला तरी समजतं. नांगर घसरत असेल तर तळव्याला घरघर लागते, बसलेला असेल तर साखळी ताठ होते आणि गप्प राहते.

एवढं झाल्यावर पोहण्याचा मास्क लावून पाण्यात उतरा आणि नांगर डोळ्यांनी पाहा. त्याचं टोक वाळूत गेलेलं दिसलं पाहिजे. वर येऊन साखळीला नायलॉनचा जाड दोर अडकवा आणि ताण त्या दोरावर द्या, म्हणजे लाटेचा हिसका लवचिक दोर घेतो. रात्री डोलकाठीवरचा नांगराचा दिवा लावायला विसरू नका.

या सगळ्या वेळात एकमेकांवर ओरडू नका. नाळेवरचा आवाज वाऱ्याने उडून जातो, मागे नुसता चढलेला सूर पोचतो आणि दिवस नासतो. हाताच्या खुणा ठरवा. आमच्याकडे मूठ म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे हळू, हात लांब केला ती दिशा. बंदरात सगळ्या बोटी बघत असताना दोघांनी एक शब्दही न बोलता नांगर बसवणं यात मला आजही फार आनंद वाटतो.

माणूस पाण्यात पडला तर

नियम एकच: रात्री किंवा खवळलेल्या समुद्रात कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेच्या, बाहेर जाताना अंगावरचा सुरक्षा-पट्टा (हार्नेस) बोटीला अडकवलेला हवा, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय जायचं नाही. झोप मोडली म्हणून कुणी रागावत नाही.

तरीही सराव करा. बादली बांधलेला फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला लावायचा हवेचा फुगा, पाण्यात टाकायचा आणि तो एकट्याने परत आणायचा. तरंगती रिंग लगेच फेका, जीपीएसवरचं एमओबीचं (‘मॅन ओव्हरबोर्ड’, म्हणजे माणूस पाण्यात) बटण दाबा, आणि बोट तिथल्या तिथे वाऱ्यातून वळवा. पुढचं शीड दुसऱ्या बाजूला नेऊ नका, उलट्या वाऱ्यावर तसंच फुगू द्या. बोटीचा वेग मरतो आणि ती जवळजवळ जागेवर डुलत राहते. मग पाण्यात एकही दोर लोंबत नाही हे पाहून इंजिन चालू करा, कारण बोटीखालच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर गुंडाळला गेला तर दोघांचाही मार्ग बंद. माणूस जवळ आला की इंजिन न्यूट्रलला.

खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. भिजलेला, थकलेला ८० किलोचा माणूस माझ्यासारख्या बाईला हाताने ओढून वर घेता येत नाही. माझ्या नवऱ्यालाही दुसऱ्याला असं घेता येणार नाही. त्यासाठी शीड वर चढवायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, वापरायचा. त्याचं टोक पडलेल्याच्या पट्ट्याला अडकवा आणि विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या हातरहाटावर, दोर फिरवत एकेक हात वर घ्या. टोक पाण्यापर्यंत पोचतं का, विंचचं हँडल कुठे असतं, दोर कुठे घासतो, हे शांत दिवशी नांगरावर असतानाच बघून ठेवा. एकाने पाण्यात उतरून निपचित तरंगायचं आणि दुसऱ्याने त्याला वर घ्यायचं. मग अदलाबदल. जी जोडपी हे करून बघतात, त्यांची एकमेकांबद्दलची खात्री वेगळीच असते.

रंग वाचायचे तास

प्रवाळांमधून जायचं ते सकाळी १० ते दुपारी २ या वेळात, ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असताना. पोलराइज्ड चष्मा लावून एकजण नाळेवर उभा राहतो. गर्द निळं म्हणजे खोल, हिरवं म्हणजे जपून, तपकिरी आणि पिवळट म्हणजे थांबा. ढगाची सावलीही खडकासारखी दिसते, पण ती सरकते. टोबॅगो केज हा अशा पाण्याचा सर्वात सुंदर तुकडा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा प्रवाळ अटलांटिकच्या लाटा बाहेर अडवतो, आणि आत तुम्ही सपाट पाण्यात उभे असता. हे संरक्षित सागरी उद्यान आहे, शुल्क द्यावं लागतं, मासेमारीला मनाई आहे. बॉयांनी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी) आखलेल्या भागात हिरवी कासवं गवत चरतात. त्यांच्या अंगावर पोहत जाऊ नका, बाजूला स्थिर राहिलात तर ती आपणहून जवळून जातात.

भारतात बोट शिकलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बॉया डावीकडे ठेवतात. अमेरिका खंडांत आणि कॅरिबियनमध्ये उलट, लाल उजवीकडे. नवऱ्याच्या वर्षानुवर्षांच्या सवयीवर उपाय म्हणून आम्ही सुकाणूशेजारी लाल चिकटपट्टी लावली आहे, उजव्या हाताला.

ग्रेनेडाहून उत्तरेला कॅरियाकूकडे जाताना वाटेत किक-एम-जेनी हा पाण्याखालचा ज्वालामुखी लागतो. एरवी त्याच्यापासून दीड किलोमीटर आणि इशारा वाढला की ५ किलोमीटर लांब राहावं लागतं. निघण्याच्या सकाळी इशाऱ्याची पातळी तपासा.

पाणी, वीज, गॅस

दोघांना जपून वापरलं तर दिवसाला २० ते २५ लिटर गोडं पाणी पुरतं. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, शेवटचा हात गोड्याने. खारं पाणी गोडं करणारं यंत्र घेतलं, तर ते गजबजलेल्या बंदरात चालवू नका, पाण्यातल्या तेलाने त्याचं मेम्ब्रेन खराब होतं. बेक्वे आणि कॅरियाकू या बेटांवर नद्या नाहीत, तिथली घरंसुद्धा छपरावरचं पावसाचं पाणी साठवून राहतात. तिथलं पाणी विकत घेताना हे ध्यानात असू द्या.

सगळ्यात जास्त वीज खातो तो फ्रिज. ४०० वॉटचे सोलर पॅनल आम्हाला दिवे, फ्रिज आणि पंख्यांना पुरतात. गॅसच्या बाबतीत मात्र कडक राहा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि खिडकीवाटे निघून जात नाही. दर स्वयंपाकानंतर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

स्वयंपाक

प्रेशर कुकर घेऊन या. डुलणाऱ्या शेगडीवर झाकण घट्ट लागणारं दुसरं भांडं नाही, आणि गॅसही वाचतो. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणू नका, त्यात झुरळांची अंडी येतात. सामान किनाऱ्यावरच पिशव्यांमध्ये भरा.

बाजार मात्र कोकणातल्या माणसाला माहेरचा वाटेल असा आहे. नीरफणस इथे १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायच्या जहाजातून सेंट व्हिन्सेंटला आला. आता तो प्रत्येक बेटावर आहे. त्याचे काप तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून तव्यावर परतले की दुसरं काही लागत नाही. दशीनची पानं म्हणजे आपलं अळूच. इथे त्याचं कलालू करतात. मी चिंच, दाणे आणि गूळ घालून फदफदं करते. चिंच सोडू नका, नाहीतर घसा खवखवतो. जानेवारीत तुरीच्या हिरव्या शेंगा येतात, त्यांची आमटी करा. जायफळ तर ग्रेनेडाच्या झेंड्यावरच आहे. रोटीही रस्त्यावर मिळते, कारण १८५७ पासून भारतातून मजूर ग्रेनेडाला आणले गेले.

मासे गळाला लागतील, पण प्रवाळाजवळचे मोठे मासे आणि बॅराकुडा खाऊ नका. त्यात सिग्वाटेराचं विष असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. खोल पाण्यातला कुपा निर्धास्त खा. आणि किनाऱ्यावर मँचिनीलच्या झाडाखाली पावसात उभं राहू नका. त्याच्या चिकातून आलेलं पाणी अंगावर फोड आणतं, आणि त्याची हिरवी, सफरचंदासारखी फळं विषारी आहेत.

वादळांचे महिने

१ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा हंगाम. ग्रेनेडा हरिकेनच्या पट्ट्याबाहेर आहे, असं खूप जण सांगतील. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन या वादळाने ग्रेनेडा उद्ध्वस्त केलं, आणि १ जुलै २०२४ ला चौथ्या श्रेणीचं बेरिल थेट कॅरियाकूवर आलं. तिथल्या टिरेल बे या खाडीच्या खारफुटीत आश्रयाला गेलेल्या बोटींपैकीही अनेक मोडल्या. युनियन बेटावर तर घरंच उरली नव्हती म्हणावं अशी स्थिती झाली. म्हणून जून लागायच्या आत आम्ही त्रिनिदादला, साडेदहा अंशांच्या पट्ट्यात खाली जातो. चागुआरामासच्या यार्डात बोट जमिनीवर घेतली जाते, शिडं उतरवतो, आणि आम्ही रत्नागिरीला पावसाला येतो. आणखी एक विनंती: बेरिलने झोडपलेल्या बेटांवर भाजी, मासे, ब्रेड तिथल्याच माणसांकडून घ्या. घासाघीस करू नका.

पहिल्यांदा येणार असाल तर

बोट विकत घेण्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन आठवडे भाड्याने घ्या. ग्रेनेडाहून निघा, पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाने वर जा, मग कॅरियाकू, युनियन, टोबॅगो केज, बेक्वे. कॅरियाकू ग्रेनेडा देशात आणि युनियन सेंट व्हिन्सेंट देशात, त्यामुळे दोन-अडीच तासांच्या त्या टप्प्यातही एका देशातून बाहेर पडल्याचे आणि दुसऱ्यात शिरल्याचे कागद लागतात. शिक्के होईपर्यंत पिवळा झेंडा चढवून ठेवायचा. पुढे मार्टिनिकपर्यंत जायचं असेल, तर ते फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही, तेव्हा भारतीय पासपोर्टवर व्हिसाची वेगळी चौकशी करा. खिशात ईस्ट कॅरिबियन डॉलरच्या नोटा ठेवा, एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर ठरलेला आहे. किनाऱ्यावर जायची छोटी होडी, म्हणजे डिंगी, रात्री उचलून बोटीला कुलूप लावून टांगा. आणि दुसऱ्या देशात शनिवारी-रविवारी पोचू नका, कस्टमवाले जादा वेळेचे पैसे लावतात.