शेण सुकवायचं मशीन घेऊन गोठ्यागोठ्यावर जाताय? या चुका टाळा

ट्रॉलीवर स्क्रू प्रेस, म्हणजे शेण दाबून पाणी आणि चोथा वेगळा करणारं मशीन, बसवून भाड्याने कामं घेणाऱ्या नव्या मुलांचे फोन येतात. तक्रार बहुतेक एकच असते: तोंडातून चोथा येतच नाही, नुसतं पातळ शेण फेकतंय, तोंडाच्या झडपेवरची वजनं वाढवू का? मी उलट विचारतो, टाकी ढवळली होती का? त्यावर पलीकडे शांतता.

टाकीत आठ-पंधरा दिवस पडून राहिलेलं शेण थरांत बसतं. वर गवताची जाड खपली, मध्ये पाणी, तळाला गाळ. न ढवळता पंप सोडलात की आधी मधलं पाणीच येणार. त्यात तंतू नसतात, म्हणून तोंडाशी चोथ्याचं बूच धरत नाही, आणि हे मशीन चालतं ते त्या बुचावर. स्क्रू शेण पुढे रेटतो, बूच त्याला अडवतं, त्या दाबाने पाणी जाळीतून खाली गळतं. बूच नसेल तर झडपेवर कितीही वजनं टांगा, दाब येणार नाही.

गोव्यात साखळी गावाच्या पुढच्या एका गोठ्यावर मे महिन्याच्या अखेरीस हेच झालं. मालकाला पाऊस लागायच्या आत टाकी रिकामी हवी होती. मशीनवाला मुलगा दुपारी पोचला, ढवळण्यात तास घालवायला नको म्हणून पंप थेट तळाला सोडला. पाणी फेकायला लागल्यावर वजनं वाढवली. मग तळाचा घट्ट गाळ एकदम आत आला आणि मोटर ट्रिप झाली. कारण न बघता तो रिसेट दाबून पुन्हा पुन्हा चालू करत राहिला.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. झाकण काढलं तर स्क्रूच्या शेवटच्या पात्याला निळ्या नायलॉनच्या दाव्याची गाठ आवळलेली, तिच्यात माडाचं सोडण (नारळाची साल) गच्च अडकलेलं. जाळीची फट अर्ध्या मिलिमीटरची असायला हवी, तिथे गज फाकून माझं बोट आरपार गेलं. पात्याची धार खाऊन गोल झाली होती. आपल्याकडे गोठ्याची वाट, अंगण, कधी टाकीच्या भिंतीसुद्धा चिऱ्याच्या. त्याची खर, म्हणजे बारीक कण, गुरांच्या खुरांबरोबर आणि झाडलोटीबरोबर टाकीत जाते, तळाला बसते आणि स्क्रूला कानशीसारखी घासते. नवी जाळी येईपर्यंत पाऊस लागला. टाकी भरून वाहिली आणि शेणाचं पाणी खालच्या व्हाळात (ओढ्यात) गेलं. एक तास वाचवायला गेला होता तो.

मी पोचलो की आधी लांब बांबू टाकीत घालून तळ चाचपतो. शेण अगदीच पातळ असेल तर मधलं पाणी आधी उपसून कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) टाकीत सोडतो, मग खपली पूर्ण मोडेपर्यंत ढवळतो. दावी, सोडणं, प्लास्टिक आकड्याने बाहेर काढतो. शेवटी एक बादली भरून घेतो, हलवतो, जरा थांबून वरचं ओततो आणि तळाला हात लावून बघतो. बोटांना खर लागली तर पंप तळापासून हातभर वर टांगायचा. मालक घड्याळ बघत बसतो, बसू दे.

बूच धरायला सुरुवातीला तोंडात हाताने चोथा भरावा लागतो, तोही मशीन बंद असताना. त्यासाठी काही जण आधीच्या गोठ्यावरचा चोथा पोत्यात भरून बरोबर नेतात. हे मला अजिबात पसंत नाही. लाळ्या-खुरकुताचा रोग असाच एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो. त्याच गोठ्यातलं सुकं शेण आणि बारीक कापलेलं गवत वापरा. निघताना मशीन, पाइप, चाकं, बूट धुवा. नुसतं पाणी पुरत नाही. शेण निघून गेल्यावर धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण मारा, म्हणजे १० लिटरला ४०० ग्रॅम.

आता ज्या चुकीला माफी नाही ती. ढवळताना शेणातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असला तर कुजक्या अंड्याचा वास येतो, जास्त असला तर नाकच बधिर होतं आणि वास गेलासा वाटतो. वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं समजून लोक आत उतरतात. वाळपईकडे एक मुलगा पंपात अडकलेलं दावं काढायला कमरेला दोरी बांधून झाकलेल्या टाकीत पाय घालत होता. मी ओरडून थांबवला. वरच्या माणसाला बेशुद्ध माणूस दोरीने ओढून काढता येत नाही, आणि त्याला वाचवायला उतरणाराही तिथेच पडतो. पंप कायम साखळीवर ठेवा, अडकला तर वर खेचूनच साफ करा. ढवळण्याआधी गुरं बाहेर बांधा, दारं-खिडक्या उघडा. टाकीत कोणीही उतरायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

बाकीचं थोडक्यात. प्रत्येक नव्या जोडणीवर स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते बघा. फेज उलटी असेल तर दोन वायर अदलाबदल करून घ्या, तेही मेन स्विच पाडून. अर्थिंगशिवाय ओल्या गोठ्यात मोटर लावू नका. शेण संपल्यावर स्क्रू कोरडा फिरवू नका. जाळी त्याच संध्याकाळी धुवा, सकाळी ती खरवडावी लागते आणि खरवडताना गज वाकतात. ताजा चोथा लगेच पोत्यात भरून शिवू नका, तो ५०-६० अंशांपर्यंत तापतो आणि आपल्या दमट हवेत बुरशी धरतो. छपराखाली पसरा. खाली निघालेलं पाणी हे पाणी नव्हे, नत्राचा आणि पालाशचा मोठा वाटा त्यातच असतो. पातळ करून सुपारीला द्या. विहिरीपासून लांब ठेवा.

दर ठरवताना चोथ्याच्या वजनावर सौदा करू नका, तासावर करा. १० हजार लिटर शेणपाण्यात ४ टक्के सुका भाग असेल तर तो सगळा मिळून ४०० किलो. त्यातला अर्धा बारीक असल्याने जाळीतून निघून गेला असं धरा. उरलेल्या २०० किलोपासून ३० टक्के सुका भाग आणि बाकी पाणी असलेला चोथा होतो जेमतेम ६७० किलो. शेण ८ टक्क्यांचं असेल तर तेवढ्याच पाण्यातून दुप्पट चोथा निघतो. मालकाने गोठा धुताना नळ किती वेळ सोडला, यावर तुमची मजुरी ठरायला नको. हिशेब काम सुरू करण्याआधी बादली दाखवून समजवा. टाकी रिकामी झाल्यावर कोणी ऐकत नाही.