माळव्याच्या काळ्या मातीत चालणाऱ्या टिपरची निगा

इंदूरच्या आसपासच्या खाणींवर आणि बांधकामांवर टिपर (हौदा उचलून माल ओतणारा ट्रक) चालवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी एक नियम कधीही मोडू नये: उचललेल्या हौद्याखाली शिरण्यापूर्वी हौदा रिकामा करून त्याला लोखंडी टेकू लावावाच, कारण हायड्रॉलिकची (तेलाच्या दाबाने हौदा उचलणाऱ्या यंत्रणेची) एक नळी फुटली तरी हौदा क्षणात खाली येतो आणि सावरायला वेळ मिळत नाही.

या हायड्रॉलिक तेलाची पातळी हौदा पूर्ण खाली बसवून, गाडी सपाट जागी उभी करून पाहावी. हौदा उचलणारा जॅक वर असताना तेल त्यात गेलेले असल्याने टाकीतील पातळी कमी दिसते आणि त्या भरात जास्त तेल ओतले जाते. गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा, कारण दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरते.

पावसाळ्यात ही चिकट माती मागच्या जोडचाकांच्या मधे आणि बिजागरीच्या पिनांभोवती घट्ट बसते. ती धुऊन काढावी आणि मगच ग्रीस भरावे. नवे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत पंप थांबवू नये. चाकांचे नट आणि कमानींचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) यू-बोल्टही तपासावेत.

जास्त माल भरण्यासाठी हौद्याच्या बाजूच्या फळ्या उंच करण्याचा मोह मला सर्वांत घातक वाटतो. भाराचा मध्य वर जातो आणि उतारावर हौदा उचलताच गाडी कलंडू शकते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलणारे फेरफार मनाने करता येत नाहीत. आणि दुरुस्तीसाठी गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्यात.