वरणाचं पाणी नको, वरण द्या: सहा महिन्यांच्या बाळाचं वरचं अन्न कसं सुरू करावं

बहुतेक मराठी घरांत बाळाच्या वाटीत पहिल्यांदा येतं ते वरणाचं पाणी. कुकर उघडायचा, डाळ तळाशी राहू द्यायची आणि वरची निवळ चमच्याने भरवायची. तिच्या जोडीला पातळ पेज, नाहीतर सफरचंदाचा रस. बाळ गटागटा पितं, सगळ्यांना बरं वाटतं. पण त्या पाण्यात डाळ जवळजवळ नसतेच. ती तळाशी राहते आणि मोठ्यांच्या आमटीत जाते. वरचं अन्न सुरू झाल्यावरही बाळाचं वजन वाढत नसेल, तर आधी वाटीतलं अन्न किती पातळ आहे ते बघावं. ही चूक एक पैसाही न खर्चता आजच्या आज सुधारता येते.

कधी सुरू करायचं

सहा महिने पूर्ण झाले, म्हणजे १८० दिवस भरले, की. तोवर फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नको, भर मे महिन्यातही नको. आणि सहा महिने झाल्यावर मात्र थांबू नका. जन्मताना बाळाच्या अंगात लोहाचा साठा असतो, तो याच सुमाराला संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. दूध दोन वर्षांपर्यंत, हवं तर त्यापुढेही चालू ठेवायचं आहे, पण आता एकट्या दुधावर भागत नाही.

बाळाने मान धरलेली असावी, आधाराने बसता यावं, आणि चमचा ओठांना लागला की त्याने तोंड उघडावं. एवढ्या खुणा पुरेत. वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी ही तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा.

उष्टावणाचा मुहूर्त यात कधीकधी आडवा येतो. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं म्हणून पाचव्या महिन्यातच उरकण्याची घाई होते. सातवा महिनाही विषमच, आणि तो सहा महिने पूर्ण झाल्यावरच लागतो, तोच धरा. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर ओठांना लावली की विधी झाला. पंचामृत मात्र देऊ नका, कारण त्यात मध असतो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवायचाही नाही, घुटीत मिसळूनही नाही.

पहिली वाटी: मऊ भात आणि घट्ट वरण

दोन चमचे तांदूळ आणि एक चमचा मुगाची डाळ कोरडीच हलकी भाजून घ्या. मग धुऊन, पाचसहा पट पाणी आणि चिमूटभर हळद घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या करा. वाफ गेल्यावर पळीने नाहीतर रवीने चांगलं घोटा. वर अर्धा चमचा साजूक तूप. मीठ नको, साखर नको, गूळ नको. मीठ नसलं की अन्न अळणी लागतं ते आपल्याला. बाळाने मीठ अजून चाखलेलंच नसतं.

वेगळं शिजवायला वेळ नसेल तर घरच्यांच्या वरणाला फोडणी आणि मीठ पडण्याआधी बाळाचं वाटीभर काढून घ्या. डाळ पळीने ढवळून, तळापासून काढायची. हे रोज सांभाळलं तरी अर्धं काम झालं.

आता घट्टपणाची परीक्षा. चमचा भरून घ्या आणि तिरका करा. अन्न चमच्यावर टिकून राहिलं, हळूच घसरलं, तर बरोबर आहे. धार लागली तर ते बाळासाठी पातळ आहे. यामागे साधा हिशोब आहे. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात २०० मिलिलिटरच्या आसपास. तेवढी जागा निवळीने भरली तर पोट भरल्याचं समाधान मिळतं, पोषण मिळत नाही. म्हणूनच तूप किंवा तेल हे लाड नव्हेत. थोड्या जागेत जास्त ताकद भरण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

‘घट्ट दिलं तर घशात अडकेल’ ही आजीची काळजी खरी असते, ती उडवून लावू नका. तिला दाखवा की घट्ट म्हणजे गुठळ्या नव्हेत. घोटलेलं, एकजीव, पण न ओघळणारं. एकदा तिनेच भरवून पाहिलं की वाद राहत नाही.

किती आणि किती वेळा

पहिले दोन-चार दिवस चहाच्या छोट्या चमच्याने दोन-तीन चमचे अन्न, दिवसातून एकदा-दोनदा. तेवढं रुळलं की पोहे खायच्या मोठ्या चमच्याने दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा. मग वाढवत आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलिलिटरची वाटी अर्धी भरेल इतकं. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी ते पाऊण वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चार वेळा, आणि मधल्या वेळेचं एखाद-दुसरं खाणं. या आकड्यांवरून अंदाज घ्यायचा. एखाद्या दिवशी बाळाने दोनच घास खाल्ले तर आभाळ कोसळत नाही.

बाळाची वाटी वेगळी ठेवा. आपल्या ताटातून भरवलं की पोटात नक्की किती गेलं हे कळतच नाही.

नाचणीचं सत्त्व, मोड आणून

१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून नाचणी हवीच. पण ती मोड आणून करावी, आणि त्याचं कारण कॅल्शियमपुरतं नाही. मोड येताना दाण्यात पिष्ट (स्टार्च) फोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. साध्या पिठाची खीर लगेच लगदा होते म्हणून आपण पाणी वाढवतो आणि ती पुन्हा पातळ, निःसत्त्व होते. मोडाच्या पिठाची खीर तितकी घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. शिवाय नाचणीतलं लोह आणि जस्त अडवून धरणारं फायटेट मोडांमुळे कमी होतं.

नाचणी निवडून, तीन-चार पाण्यांतून धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. एक-दोन दिवसांत बारीक मोड येतात. फडकं सुकू लागलं की पाण्याचा हबका मारा. आंबूस वास आला तर ते टाकून द्या, हळहळू नका. मोड आलेले दाणे सावलीत, पंख्याखाली कडकडीत वाळवा, मंद आचेवर हलकेच परता, दळा आणि चाळून घ्या. थोडंथोडंच करा आणि कोरड्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात वाळवण जमत नाही, तेव्हा साधं नाचणीचं पीठ चालेल.

खीर करताना पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत शिजवा, वर तूप घाला. गोडवा हवाच असेल तर कुस्करलेलं केळं किंवा खजुराचा गर. मात्र नाचणीवर लोहाचा भरवसा ठेवू नका. लोह असतं, पण अंगी फार थोडं लागतं.

लोह कुठून येणार

मांसाहारी घरात हे सोपं आहे. पूर्ण शिजवलेलं अंडं, पांढरं आणि पिवळं दोन्ही. कोंबडीची कलेजी किंवा बारीक खिमा. काटे नीट काढलेला मासा. सहा महिन्यांनंतर हे सगळं चालतं, वर्षापर्यंत थांबायचं कारण नाही. शाकाहारी घरात घट्ट डाळी, मटकी-मुगाचे मोड उकडून कुस्करून, पालक, आणि त्यावर लिंबाचे दोन-चार थेंब. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. शिवाय ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या २०१८ पासूनच्या कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं सायरप आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर द्यायचं असतं. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत विचारा.

आणि कृपा करून चहा नको. चहात बुडवलेलं बिस्किट, चहात कुस्करलेली पोळी कित्येक घरांत बाळाचा सकाळचा नाश्ता असतो. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, साखर भूक मारते, आणि मैद्याच्या बिस्किटात घेण्यासारखं काही नसतं.

नवीन पदार्थ आणायची पद्धत

दोन-तीन दिवसांत एकच नवा पदार्थ, तोही सकाळी किंवा दुपारी, म्हणजे काही झालं तर दवाखाना उघडा असतो. लाल भोपळा, गाजर, रताळं उकडून, केळं, पपई, चिकू कुस्करून, सफरचंद वाफवून. रस नको, फळच द्या. अंडं आणि शेंगदाणा मुद्दाम लांबवू नयेत, लांबवल्याने अ‍ॅलर्जी टळत नाही. शेंगदाणा मात्र अगदी बारीक कुटाच्या रूपात, खिचडीत शिजवून. बाळाला तीव्र इसब असेल तर या दोन्हींच्या आधी डॉक्टरांना विचारा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर तडक रुग्णालय गाठा.

गाईम्हशीचं दूध वर्षाआधी प्यायला देऊ नका. जेवणात थोडं दही चालतं. डबाबंद पावडरींची गरज नाही. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. तरीही कोणी फुकट नमुना हातात ठेवला तर घेऊ नका.

भरवणं

बाळाला ताठ बसवा, मांडीवर किंवा खुर्चीत. आडवं घेऊन, नाक दाबून, पालथी पळी तोंडात घालून भरवणं आजही काही घरांत चालतं. त्याने अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. तुमचे हात आणि बाळाचेही हात साबणाने धुवा.

पहिल्या दिवसांत बाळ जिभेने घास बाहेर ढकलतं. त्याचा अर्थ आवडलं नाही असा नव्हे. सहा महिने ते चोखायला शिकलं, घास मागे न्यायला आता शिकतंय. एखादी चव आवडायला आठ-दहा वेळाही समोर यावी लागते. आज भोपळा थुंकला तर चार दिवसांनी पुन्हा द्या, न रागावता.

मान फिरवली, ओठ मिटले, चमचा हाताने सारला, की पोट भरलं. तिथे थांबा. घास चिऊचा, घास काऊचा हे छान आहे, कारण त्यात तुम्ही बाळाशी बोलता आणि ते तुमच्या तोंडाकडे बघत असतं. मोबाइलसमोर मात्र बाळ गिळत राहतं, आपण काय खातोय आणि पोट कधी भरलं याकडे त्याचं लक्ष राहत नाही. ती सवय लागूच देऊ नये, कारण मोडताना बाळालाही त्रास होतो आणि आईलाही. पहिल्या दिवसापासून मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणं सोपं.

घशात अडकलं तर

उमासा येणं आणि घास अडकणं यांत फरक आहे. उमासा येतो तेव्हा बाळ आवाज करतं, खोकतं, चेहरा लाल होतो. ते स्वतःच सावरतं, तुम्ही शांत राहा. घास अडकला की आवाजच फुटत नाही, ओठ निळसर होतात. अशा वेळी तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा दाबा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला १०८ लावायला सांगा. बाळ निपचित पडलं, श्वास थांबला, तर जिवरक्षणाची क्रिया (सीपीआर) लागते; तिचं प्रात्यक्षिक एकदा तरी शिकून घ्या.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिक्की आणि पॉपकॉर्न पाच वर्षांपर्यंत नकोत. द्राक्षं उभी चिरूनच. दादा-ताईच्या हातातला फुटाणा बाळाच्या तोंडात जायला क्षण पुरतो, म्हणून त्यांनाही समजावून सांगा.

पुढचे महिने

मिक्सर आठव्या महिन्यात बाजूला ठेवा. आता काट्याने किंवा हाताने कुस्करलेलं, थोडं कणीदार. नऊ-दहा महिन्यांपर्यंत कण न मिळालेली मुलं पुढे चावून खायला कुरकुरतात. नऊ महिन्यांना हातात धरायला मऊ गाजराची लांब फोड, इडली, घावन, तुपात मऊ केलेली पोळी. सांडेल, केसांना लागेल. खाली जुनी चादर अंथरा. वर्षाचं झालं की घरच्यांबरोबर, घरचंच, कमी तिखट-मिठाचं.

आजारपणात दूध आणि अन्न बंद करू नका. थोडंथोडं, पुन्हा पुन्हा द्या. जुलाब होत असतील तर ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत जस्ताच्या गोळ्या, आणि बरं वाटल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या. दोन महिने कार्डावरची वजनाची रेघ आडवी राहिली किंवा खाली आली तर कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि बाळ दिवसभरात काय, किती घट्ट आणि किती वाट्या खातं ते एका कागदावर लिहून न्या.