खालच्या लीगमधला बॅक कसा बघायचा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेतली पोरं विचारत्यात, फुटबॉलमध्ये बॅकला, म्हणजे बचावफळीत, खेळायचंय, कुणाला बघू? मी म्हणतो, मोठी नावं ऱ्हाऊ दे मर्दा, इंग्लंडात खालच्या लीगमध्ये खेळलेल्या ग्रॅहम अलेक्झांडर या बॅकची कारकीर्द काढ. स्कनथॉर्प, ल्यूटन, प्रेस्टन, बर्नली, परत प्रेस्टन; हजारावर सामने. प्रीमियर लीगचं, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगचं, तोंड बघितलं ते 2009 ला, वयाच्या 37 व्या वर्षी!

आधी सामने मोजायचे. लीग वन आणि टू, म्हणजे इंग्लंडातली तिसरी आणि चौथी पायरी; प्रत्येकीत 24 संघ, म्हणजे हंगामात 46 सामने. त्यातले चाळीसवर सामने खेळणाऱ्या बॅकवर मॅनेजरचा भरवसा असतो, आणि गुडघेही शाबूत असतात. मग लोन बघ, म्हणजे क्लबनं त्याला थोड्या काळासाठी दुसऱ्या क्लबकडं खेळायला कधी दिलं ते. विशीतलं लोन म्हणजे शिकवणी; तिशीतलं म्हणजे बहुतेक क्लबला पगार जड झालाय. गोलांवर भुलू नको, अलेक्झांडरचे बरेचसे पेनल्टीचे.

व्हिडिओ लावलास तर बॉल सोड, बॅकची मान बघ. क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर टाकलेला बॉल, यायच्या आधी तो मागच्या फॉरवर्डकडं एकदा तरी वळून बघतो का? अंग तिरकं ठेवतो की सरळ गोलकडं पाठ? आपल्याकडं निम्मे गोल इथंच खातात. टॅकल नंतर शिक.