कार्यालयाची नोकरशाही घडी कशी बसवावी

सुरुवात माणसांपासून नको, पदांपासून करा. प्रत्येक पदाचे काम, अधिकार आणि मर्यादा एका पानावर लिहा, मग पात्रता ठरवा आणि शेवटी माणूस निवडा. क्रम उलटला की पद माणसाच्या मापाने बेतले जाते आणि तो गेला की काम अडते. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) यांच्या नोकरशाहीविषयीच्या मांडणीचा गाभा हाच: अधिकार पदाचा, व्यक्तीचा नव्हे.

एका पदाला वरिष्ठ एकच ठेवा. पगार ठरलेला असावा.

सर्वाधिक वेळ नोंदींना द्या. अर्जावर आधी आवक क्रमांक आणि तारीख, मग टिपणी, त्याखाली निर्णय, सही आणि जावक क्रमांक. टिपणीत नुसते ‘नियमानुसार’ लिहिलेले अजिबात चालवून घेऊ नका. नियम कलमासह हवा. नाहीतर अपिलात निर्णयाचे समर्थन करणे अवघड जाते, आणि त्रास अर्जदाराला होतो.

नियम साचत जातात. नियम पाळणे हेच उद्दिष्ट होऊन बसते, हा दोष अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० मध्ये दाखवून दिला. म्हणून प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण एका ओळीत लिहा. कारण उरले नाही, तर नियम काढून टाका.