पॉन शॉपमधून जुना गिटार अ‍ॅम्प कसा घ्यावा: नाव नव्हे, मागची बाजू वाचा

अमेरिकेतल्या पॉन शॉपमध्ये, म्हणजे वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या आणि जुना माल विकणाऱ्या दुकानात, साठ-सत्तरच्या दशकातला ट्यूब (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प आजही हाती लागतो. मात्र ‘दुकानदाराला काही कळत नसतं, कवडीमोल भावात मिळून जातो’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. काउंटरमागचा माणूस तुमच्यासमोरच ईबेवर भाव बघतो. फक्त तो भाव बघतो पुढच्या नावावरून. त्या नावामागचा अ‍ॅम्प कुठल्या सालचा आणि त्यातलं काय काय मूळचं उरलंय, हे त्याला सहसा ठाऊक नसतं. त्यामुळे फेंडर कंपनीच्या ब्लॅकफेस (पुढे नॉबची काळी पाटी असलेल्या) ट्विन रिव्हर्बची अलीकडे काढलेली नवी आवृत्ती साठच्या दशकातली म्हणून मांडलेली दिसते, आणि खालच्या फळीवर अनोळखी नावाचा खराखुरा जुना अ‍ॅम्प धूळ खात पडलेला असतो.

जाताना

टॉर्च, छोटा आरसा, स्क्रू ड्रायव्हर आणि स्वतःची गिटार केबल सोबत ठेवा. फोन असतोच.

काय विचारायचं

गहाण ठेवलेली वस्तू मुदतीत सोडवली नाही की ती दुकानाची होते. शिवाय बरेच लोक वस्तू गहाण न ठेवता सरळ विकून जातात. अशी विकत घेतलेली वस्तू चोरीची नाही ना, याच्या तपासासाठी कायद्याने काही दिवस विक्रीला काढता येत नाही. तो काळ राज्यागणिक, कधी शहरागणिकही बदलतो. म्हणून फळ्यांवर नजर फिरवून परत फिरू नका. ‘होल्डवर एखादा ट्यूब अ‍ॅम्प आहे का?’ असं सरळ विचारा. चांगला माल बाहेर आल्या-आल्या उचलला जातो, आणि तो बाहेर कधी येणार हे विचारणाऱ्यालाच कळतं.

कुठली नावं बघायची

फेंडरला पूर्ण भाव लागतो, त्यामुळे तिथे फारसं काही सुटत नाही. पहिलीच खरेदी असेल तर फेंडरचाच सिल्व्हरफेस (चंदेरी पाटीचा) चॅम्प बघा: आठ इंची स्पीकर आणि तीनच ट्यूब, एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि एक रेक्टिफायर. त्यात बिघडण्यासारखं कमी आणि दुरुस्त करणं सोपं.

माझ्या मते खरी खाण कॅटलॉगमधल्या नावांत आहे, म्हणजे कॅटलॉगवरून माल विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी दुसऱ्यांकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकलेल्या मालात. सिल्व्हरटोन हे अशाच सिअर्सचं नाव. त्या नावाचे साठच्या दशकातले बरेच अ‍ॅम्प न्यू जर्सीतल्या डॅनइलेक्ट्रोने बनवलेले आहेत. एअरलाइन हे माँटगोमेरी वॉर्डचं नाव. त्यातले पुष्कळसे शिकागोच्या व्हॅल्कोचे, म्हणजे सुप्रो बनवणाऱ्याच कारखान्याचे. गिब्सनचे जीए मालिकेतले छोटे अ‍ॅम्प आणि कॅलामाझू नावाने काढलेले स्वस्त अ‍ॅम्पही सोडू नका. गिब्सनच्या गिटारवर लोक तुटून पडतात, अ‍ॅम्पकडे कमी जण वळतात.

एक प्रकार मात्र हातात घेतलात तरी तसाच खाली ठेवा. काही अगदी स्वस्त जुन्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो. ट्यूबचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागे एक जोडून भिंतीतली वीज थेट वापरलेली असते. ट्यूबच्या क्रमांकावरून हे ओळखता येतं. अमेरिकन ट्यूबच्या नावातला पहिला आकडा साधारणपणे हीटरचा व्होल्टेज सांगतो. ५०सी५, ३५डब्ल्यू४ अशा ट्यूब दिसल्या तर सगळ्यांचे पहिले आकडे मिळवून बघा. बेरीज शंभर-सव्वाशेच्या आसपास आली की समजा, इथे पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही. या अ‍ॅम्पमध्ये गिटारच्या तारा आणि भिंतीतली वीज यांच्यामध्ये भरवशाचा आडोसा नसतो. जाणकार याला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकोला विधवा करणारा, म्हणतात. तो स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका.

आकडे वाचणं

हा टप्पा शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि सगळ्यात वाईट सल्लेही यावरच मिळतात. ‘सीरियल नंबर टाकून साल बघा’ हा त्यातला पहिला. जुन्या फेंडरचा सीरियल नंबर फार तर अंदाज देतो, आणि कॅटलॉगच्या अ‍ॅम्पवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. साल सांगतात ते सुट्या भागांवरचे शिक्के.

अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने प्रत्येक उत्पादकाला एक क्रमांक दिला होता. स्पीकर, ट्रान्सफॉर्मर, पॉट (नॉबमागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) यांच्यावर आधी तो क्रमांक, मग सालाचा एक किंवा दोन आकडे, मग आठवड्याचे दोन आकडे असा कोड छापला जाई. स्पीकरवर २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, ३२८ म्हणजे युटा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ म्हणजे शूमाकर, ८३० म्हणजे ट्रायड. पॉटवर १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. एवढे पाठ असले तरी दुकानात बहुतेक वेळा भागतं.

समजा फेंडर समोर आहे. तो उताणा करू नका, पाठ आपल्याकडे वळवा. चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, वरच्या बाजूला उलटी बसवलेली असते, त्यामुळे ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर खाली लोंबतात आणि काही न उघडता दिसतात. ट्रान्सफॉर्मरच्या काळ्या टोपणावर धुळीच्या थराखाली शाईचा फिकट शिक्का असतो. टॉर्च समोरून मारलात तर शाई चमकून दिसेनाशी होते. उजेड बाजूने तिरपा टाका आणि फोटो काढून मोठा करा. कोरड्या कापडाने हलकेच धूळ टिपलीत तर चालेल, थुंकी लावून घासू नका. शाई निघून जाते आणि अ‍ॅम्पचा एकमेव दाखला तुम्हीच पुसून टाकता.

शिक्क्यात दोन ओळी असतात, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. एक ओळ फेंडरचा पार्ट नंबर, बहुधा ०२२ ने सुरू होणारा. त्याचा सालाशी संबंध नाही. आधी ६०६ शोधा. ६०६-५-२३ असं असेल तर शूमाकर, पाचाने संपणारं साल, तेविसावा आठवडा. पाच म्हणजे १९५५, १९६५ की १९७५? ते अ‍ॅम्पच्या रूपावरून ठरवायचं. पिवळसर ट्वीड कापड असेल तर पन्नासचं दशक. काळी पाटी असेल तर साधारण १९६३ ते १९६७. चंदेरी पाटी त्यानंतरची. आठवड्याचा आकडा ५२-५३ च्या वर जात असेल तर तुम्ही चुकीची ओळ वाचताय.

एका शिक्क्यावर निकाल देऊ नका. पॉवर ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, चोक (छोट्या ट्रान्सफॉर्मरसारखा दिसणारा भाग) आणि स्पीकर, जेवढे दिसतील तेवढे सगळे वाचा. मूळचे असतील तर त्यांच्या तारखा एकमेकींपासून काही आठवड्यांच्या, फार तर काही महिन्यांच्या अंतरावर असतात. तिघे १९६५ चे आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर १९७२ चा असेल तर तो बदललेला आहे. आवाज छान येईलही, पण भाव मूळच्या अ‍ॅम्पचा द्यायचा नाही.

मूळच्या भागांतला सर्वांत नवा भाग अ‍ॅम्पची सगळ्यात आधीची शक्य तारीख ठरवतो: त्याआधी हा अ‍ॅम्प बनलेला असूच शकत नाही. विक्रेते नेमकं उलटं करतात, सगळ्यात जुना कोड दाखवून तेच साल सांगतात. पॉटच्या बाबतीत हे फार चालतं. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी घेतली. त्यानंतर १९६६ चे कोड असलेल्या पॉटचा मोठा साठा कंपनीकडे जमला आणि तो पुढे कित्येक वर्षं वापरला गेला. म्हणून १३७-६६ ने सुरू होणारा पॉट सिल्व्हरफेस अ‍ॅम्पमध्येही सहज सापडतो. त्यावरून तो अ‍ॅम्प १९६६ चा ठरत नाही. माझा नियम ठाम आहे: ट्रान्सफॉर्मर आधी, स्पीकर नंतर, पॉट सगळ्यात शेवटी. तसेही पॉट बघायला चॅसी बाहेर काढावी लागते, आणि ते दुकानात करायचं काम नाही.

फेंडरच्या पेटीत आतल्या बाजूला ट्यूबची यादी असलेला कागद चिकटवलेला असतो. त्यावर दोन अक्षरांचा शिक्का शोधा. पहिलं अक्षर साल, दुसरं महिना. साल ए म्हणजे १९५१ पासून क्यू म्हणजे १९६७ पर्यंत, महिना ए ते एल. एनके म्हणजे १९६४ चा नोव्हेंबर. हा शिक्का ट्रान्सफॉर्मरशी जुळला तर पेटी आणि चॅसी एकत्रच जन्मल्या असं मानायला हरकत नाही. जुळला नाही तर एक तर पेटी बदलली आहे, नाही तर चॅसी. सिल्व्हरफेसला काळी पाटी लावून ब्लॅकफेसच्या भावात विकणारे आहेत. ती लबाडी नेमकी इथे उघडी पडते.

स्पीकर

कोनवर (स्पीकरच्या कागदी पडद्यावर) दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून हलकेच, सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) अडकतेय. कडेला ताजा काळा डिंक आणि मधली टोपी कोरी दिसली तर कोन नवा बसवलेला आहे. ते वाईट नाही, फक्त भाव कमी.

चालू करायचा की नाही

‘लावून बघा ना’ असं दुकानदार म्हणेल. आधी त्याला विचारा: तुम्ही चालवून पाहिलाय का? नसेल तर पहिले तुम्ही होऊ नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या अ‍ॅम्पचे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून एकसारखी करणारे भाग) आतून कोरडे पडलेले असतात. त्यांच्यावर एकदम पूर्ण व्होल्टेज आला तर ते शॉर्ट होतात आणि कधीकधी पॉवर ट्रान्सफॉर्मर जाळूनच थांबतात, म्हणजे तुम्ही आत्ता ज्याचा शिक्का वाचून खूश झालात तोच. असा अ‍ॅम्प ‘बंद’ धरून भाव करा.

चालवलेला असेल तर प्लग बघा. दोन पिनांचा असेल तर चॅसीला अर्थिंग नाही, आणि आत वीजवाहिनीपासून चॅसीपर्यंत एक कपॅसिटर असण्याची दाट शक्यता आहे. तो शॉर्ट झाला तर १२० व्होल्ट गिटारच्या तारांपर्यंत पोचतात. गिटार हातात असताना दुसऱ्या अ‍ॅम्पला, मायक्रोफोनला किंवा धातूच्या फळीला हात लावू नका. बारीक गुणगुण, पॉटची खरखर, रिव्हर्ब बंद असणं हे सगळं दुरुस्त होतं. मोठी सलग घों-घों, जळका वास किंवा ट्यूबमधली प्लेट लालबुंद दिसणं यापैकी काहीही झालं तर लगेच बंद करा.

भाव

नाव, साल, बदललेले भाग एवढंच शांतपणे सांगा आणि फोटो दाखवा. अ‍ॅम्पला नावं ठेवून भाव पाडायला जाऊ नका, समोरचा चिडतो. आणि ताकाला जाऊन भांडंही लपवू नका.

‘आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला आहे, दोन पिनांची वायर आहे, कपॅसिटर बदलावे लागतील. टॅक्ससकट, रोख, किती?’

एवढं बोला आणि गप्प बसा. पहिला आकडा त्याला बोलू द्या. दुरुस्तीचा खर्च धरून तुमची मर्यादा आधीच ठरवलेली असली पाहिजे, आणि आकडा तिच्यावर गेला तर आपला फोन नंबर ठेवून निघा. पावतीवर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

घरी आणल्यावर

चॅसीत हात घालू नका. वायर भिंतीतून काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या घरातला साठा राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. ट्यूब अ‍ॅम्प जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्या आणि तीन कामं सांगा: तीन पिनांची अर्थिंगवाली वायर, तो चॅसीवरचा कपॅसिटर काढणं आणि जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणं. ‘सगळं मूळचं राहू द्या’ म्हणणाऱ्यांचं या तीन बाबतींत ऐकू नका. बाकी निळे-पिवळे सिग्नल कपॅसिटर, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर हे चालत असतील तर कुणालाही हात लावू देऊ नका. ‘आवाज सुधारतो’ म्हणून सरसकट बदल सुचवणारा तंत्रज्ञ असेल तर अ‍ॅम्प परत घ्या. २३० व्होल्टच्या देशात नेणार असाल तर पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. नुसता प्लग बदलून लावलात तर अ‍ॅम्प जळेल.

काढलेले सगळे भाग तंत्रज्ञाकडून मागून घ्या, पिशवीत घालून त्यावर तारीख लिहा आणि पिशवी पेटीच्या आत स्पीकरपासून लांब बांधून ठेवा. पुढच्या मालकाला ते शिक्के वाचायचे आहेत.