व्हीगन मीटबॉल फुटू नयेत म्हणून
मसूर व मशरूमचे व्हीगन (मांस, अंडी, दूध असे प्राणिजन्य काहीही नसलेले) मीटबॉल भाजताना फुटतात, त्याचे कारण बहुधा मिश्रणात राहिलेले पाणी हे असते. म्हणून शिजवलेले मसूर चाळणीत पूर्ण निथळू द्यावेत आणि बारीक चिरलेले मशरूम, त्यांना सुटलेले पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत, झाकण न ठेवता परतावेत. इथे घाई केल्यास पुढचे सारे श्रम वाया जातात. अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटे भिजवून घालावी, म्हणजे मिश्रण चांगले बांधले जाते. ते मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत मात्र वाटू नये, कारण मग गोळे पिठूळ लागतात. गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून २०० अंश सेल्सिअसवर सुमारे २५ मिनिटे भाजावेत आणि सॉसमध्ये वाढतेवेळीच सोडावेत.